औषधाची मात्रा आणि नोंदीचा रकाना

(हीरक महोत्सवानिमित्त मानेसर येथे झालेल्या, दिल्ली परिसरातील माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



मानेसर म्हटले की मोटारींचे कारखाने आठवतात. परंतु याच गावी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. २००३ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. शेजारच्या फरिदाबादेत भारतीय जैविक विदा केंद्र असून, देशातील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जनुकीय नोंदी तेथे जतन केल्या आहेत. या शेजारामुळेच, भाषेची शिक्षिका असूनही, मी आज हा विषय निवडला.

'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे आपण सहज म्हणतो. हिवतापाच्या एका प्रकारात यकृतात दडून राहिलेले जंतू मारण्यासाठी प्रायमाक्वीन देतात. बहुतेकांना ते मानवते. मात्र ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटू लागतात. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांना हे कारण उमगले. एका साध्या रक्ततपासणीने हा धोका आधीच कळू शकतो.

आपल्या महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल आढळतो. त्यावरील हायड्रॉक्सियुरियाची मात्रा वजन आणि रक्तपेशींची संख्या पाहून ठरते, वेळोवेळी बदलते. म्हणजे मागच्या तपासण्या डॉक्टरांसमोर असाव्याच लागतात. नंदुरबारचे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले, तर कागदाची फाइल घरच्या फळीवरच राहते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले, नोंदी संगणकावर घेण्याची सोय झाली. 'आभा'चा चौदा अंकी क्रमांक हेही त्याच दिशेचे पाऊल. मला हे मोलाचे वाटते.

तरीही एक काळजी बोलून दाखवते. सिकलसेलचा वाहक रुग्ण नसतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. पण ती नोंद लग्न जुळवणाऱ्यांच्या हाती पडली तर? मुलीच्याच माथी दोष येणार, हे मी का सांगावे! २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. तेव्हा पालकहो, संमतीच्या चौकोनावर बोट ठेवण्यापूर्वी माहिती कोणाकडे जाते आणि कशासाठी, हे विचारा.

नोंद अचूक असणे हेही तितकेच निकडीचे. जनरल रजिस्टरातली जन्मतारीख दुरुस्त करून घेताना किती खेटे घालावे लागतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. रक्तगट किंवा न मानवणारे औषध चुकीचे नोंदले गेले, तर तेवढी सवड मिळणार नाही.

येत्या जूनपासून आपल्या प्रवेश-अर्जात 'न मानवणारी औषधे' असा रकाना असेल. तो पालकांनी डॉक्टरांना विचारून स्वतः भरायचा आहे. सहलीला निघताना त्याची प्रत वर्गशिक्षकांकडे राहील; मूळ अर्ज कार्यालयातील कुलपाच्या कपाटात.