फोटो निघाला, पुढे काय?

नेत्रतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ मंडळी, आरोग्यसेविका आणि आशाताई, तुमच्या पिशवीत सोलापूरची शेंगाची चटणी मुद्दाम ठेवली आहे. साखर असलेल्यांनी पेढ्याचं काय करायचं?

मी डॉक्टर नाही, टॉवेलचा कारखानदार. मागावरच्या कामगाराला तुटलेला धागा दिसला नाही, तर त्याचा दिवस फुकट जातो. पण मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडायला लागला, तरी सुरुवातीला डोळा दुखत नाही की लाल होत नाही. वर्षातून एकदा तपासा, असं तुम्ही सांगता. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, म्हणजे पाळी बुडाली. दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे असला, तरी कामगार जात नाही. मला यात त्याचा आळस दिसत नाही.

त्यापेक्षा कॅमेराच आरोग्य केंद्रात न्यावा. पुष्कळांचे फोटो थेंबांशिवाय निघतात आणि तज्ज्ञ ते दुसऱ्या गावी बसून वाचतात. इंग्लंडने 2003 पासून पडद्याच्या फोटोंची देशव्यापी तपासणी उभी केली. इंग्लंड-वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण आता मधुमेह राहिलेला नाही, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तपासणी आणि साखरेवरचा ताबा, दोन्हींचं ते फळ असावं. याउलट थायलंडमध्ये फोटो वाचायला संगणक बसवला, तर सुमारे 21 टक्के फोटो त्याने वाचण्याजोगे नाहीत म्हणून परत केले. काही दवाखान्यांत फोटोला लागणारा अंधारच होत नव्हता. तेव्हा यंत्राच्या खरेदीबरोबर खिडकीच्या जाड पडद्याचेही पैसे धरा. कापड आम्ही देऊ!

आपल्याकडे 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दूरवैद्यकाची वाट मोकळी केली. माझी शंका वेगळीच आहे. फोटो निघतो, ‘पुढील उपचारासाठी पाठवावे’ असा इंग्रजी शेरा मोबाइलवर येतो. घरात तेलुगू बोलणारा आमचा मागवाला तो कुणाकडून वाचून घेणार? लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन फोनवरून देता येत नाही. म्हणून किती फोटो काढले, यापेक्षा गरज असलेल्यांपैकी किती जण उपचाराच्या खुर्चीत बसले, तो आकडा मी आधी विचारीन.

शेवटचं सत्र याच प्रश्नावर ठेवलं आहे. पुण्याच्या गाडीची वेळ मला ठाऊक आहे, तरी त्याआधी कुणी उठू नये, ही यजमान म्हणून हक्काची विनंती.