घरच्या थिएटरला कोणता प्लेअर?
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आमच्या बारामती-इंदापूर भागात घरी बसून सिनेमा पाहण्याची हौस काही आजची नाही. ऐंशीच्या दशकात सत्यनारायण असो की गणपतीचे जागरण, टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, अंगणात मांडायचा आणि पहाटेपर्यंत ओळीने तीन सिनेमे पाहायचे. तिसऱ्या सिनेमाला जागा असायचा तो फक्त ज्याने भाडे भरले तो. पुढे व्हीसीडी आली, तिच्यामागून डीव्हीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा सिनेमा भाड्याने आणण्यापेक्षा विकत घेणे परवडू लागले. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. सीड्या मात्र अजून घरोघरच्या कपाटांत आहेत, आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

माझी बहीण भवानीनगरजवळ राहते. दाजी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. घर नवे बांधले तेव्हा त्यांनी एक खोली खास सिनेमासाठी ठेवली. पंचावन्न इंची टीव्ही नवा घेतला. पण पाच स्पीकर, एक वूफर आणि त्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर हा संच २००६ सालचा, जुनाच ठेवला. आवाज उत्तम आहे, तो का टाकायचा? अगदी बरोबर. मग बारामतीला जाऊन एका दुकानातून त्यांनी फोर-केचा नवा डिस्क प्लेअर आणला. दुकानदाराने सांगितले, ‘यात सगळं चालतं.’

चार दिवसांनी फोन आला. ‘पाव्हणं, एवढं महागाचं यंत्र आणलं, अन् आईंचा आवाज काही निघंना.’

हा आवाज कोणता, ते सांगायला हवे. २००३ साली भाचीच्या लग्नात शूटिंग झाले होते. त्याच्या तीन व्हीसीडी. त्यांतल्या दुसरीत हळदीच्या वेळी आमची आई जात्यावर ओव्या म्हणते आहे. २०११ साली आई गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठे नाही. फोटो आहेत, आवाज नाही. बहिणीला तो आवाज नव्या खोलीत, मोठ्या स्पीकरवर ऐकायचा होता.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. त्यामुळे नात्यातली बिघडलेली यंत्रे माझ्याकडेच येतात. रविवारी गेलो. भजनाची साधी सीडी घातली, ती वाजली. बाजारातली डीव्हीडी घातली, तीही चालली. लग्नाची व्हीसीडी घातली की पडद्यावर एकच उत्तर, ‘ही डिस्क वाचता येत नाही.’ डिस्क खराब झाली असेल म्हणावे, तर शेजारच्या घरातल्या पंधरा वर्षांच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर तीच डिस्क पहिल्या फटक्यात सुरू झाली. बहिणीचा जीव भांड्यात पडला. दाजींचा मात्र चढला.

आता यामागचे कारण. डिस्क वाचायला प्रकाशाचा किरण लागतो. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीसाठी ६५० चा तांबडा, आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा निळसर जांभळा. नव्या प्लेअरमध्ये तिन्ही किरण असतात, म्हणून तर भजनाची सीडी वाजली. पण डिस्क वाचणे वेगळे आणि तिच्यावरचे चित्र उलगडणे वेगळे. व्हीसीडीवरचे चित्र एमपीईजी-१ या जुन्या पद्धतीने भरलेले असते. ते ओळखण्याची सोय अनेक नव्या ब्लू-रे प्लेअरमध्ये कंपन्या ठेवतच नाहीत. खोक्यावर ‘सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे’ असे लिहिलेले असते, आणि सीडी म्हटले की व्हीसीडी आलीच, असा आपला समज होतो. दुकानदाराचाही झाला असावा. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने विचारले नाही, आणि दाजींनी सांगितले नाही.

उलट, अगदी सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरमध्ये फक्त तांबडा किरण असे. ते छापील सीडी वाचत. पण घरी किंवा स्टुडिओत भरलेली सीडी त्यांना दिसतच नसे, कारण तिच्यातला रंगद्रव्याचा थर तांबडा किरण शोषून घेतो. लग्नाच्या व्हीसीडी बहुतेक अशाच भरलेल्या. म्हणून जुने यंत्र घेतानाही विकत आणलेली डिस्क लावून पाहू नका. घरची, भरलेली डिस्क पिशवीत घालून दुकानात न्या, आणि चालली तरच पैसे द्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

दाजींच्या बाबतीत दुसरी अडचण यापेक्षा मोठी निघाली. त्यांचा ॲम्प्लिफायर २००६ चा. त्याच्या पाठीमागे एचडीएमआयचे भोक नाही. आहेत ती दोन डिजिटल भोके: एक ऑप्टिकल, ज्यात आतून तांबडा उजेड दिसणारी बारीक केबल जाते, आणि एक कोअ‍ॅक्सिअल, म्हणजे साधी गोल पिन. शिवाय डावा-उजवा आवाज घेणारी लाल-पांढरी भोके. आणि नव्या प्लेअरला? फक्त एचडीएमआय. म्हणजे चित्र टीव्हीला गेले, आवाजही टीव्हीलाच गेला, आणि पाच स्पीकर भिंतीवर नुसते टांगलेले राहिले.

दुकानातल्या मुलाने फोनवर उपाय सांगितला होता, की टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज काढून ॲम्प्लिफायरला द्या. उपाय चुकीचा नाही. पण काही टीव्ही एचडीएमआयने आलेला पाच-एक आवाज ऑप्टिकलवर जसाच्या तसा पुढे देतात, आणि काही त्याचा दोन वाटांचा साधा स्टीरिओ करून टाकतात. दाजींचा टीव्ही दुसऱ्या जातीचा निघाला. मागचे दोन स्पीकर मुके.

म्हणून माझे सांगणे असे, की प्लेअर निवडायला दुकानात जायच्या आधी ॲम्प्लिफायर भिंतीपासून ओढा आणि त्याच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात एचडीएमआय असेल तर प्रश्नच मिटला. कोणताही ब्लू-रे प्लेअर चालेल, आणि डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी यांसारखे नवे आवाज पूर्ण दर्जाने मिळतील, कारण ते एचडीएमआयमधूनच जातात. एचडीएमआय नसेल तर ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल असलेलाच प्लेअर मागा. तसा ब्लू-रे प्लेअर मिळाला तर त्या नव्या आवाजांऐवजी साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ऑप्टिकलवरून येतो. तोही पाच-एकच असतो, आणि पंधरा बाय बाराच्या खोलीत, पंखा चालू असताना, त्यातला फरक ओळखणारा कान मला तरी अजून भेटलेला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे कितीतरी घरांत पाच स्पीकर असून दोनच वाजतात. प्लेअरच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ असे दोन पर्याय असतात. काही यंत्रांवर दुसऱ्याला ‘रॉ’ म्हणतात. ऑप्टिकल केबल जोडली असेल आणि पीसीएम निवडलेले असेल, तर त्या वाटेने दोनच आवाज जातात. बिटस्ट्रीम केले की ॲम्प्लिफायरवर डॉल्बी डिजिटलचा दिवा लागतो. हे एक बटण दाबायला लोकांनी मला इंदापूरपर्यंत बोलावले आहे. जेवण मिळाले, त्यामुळे तक्रार नाही.

चित्राबद्दल थोडक्यात बोलतो. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. डीव्हीडीचे ७२० बाय ५७६. ब्लू-रेचे १९२० बाय १०८०. फोर-के पडद्यावर तर सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि व्हीसीडीत जेमतेम एक लाख. उरलेले यंत्राला अंदाजाने भरावे लागतात. त्यामुळे जुनी व्हीसीडी मोठ्या पडद्यावर फिसकटणारच. महाग प्लेअर घेऊन तिची डीव्हीडी होत नाही. एवढे मात्र करा, की टीव्हीवर चार-तीनचे माप निवडा. चौकोनी चित्र ताणून पडदाभर केले की नवरा-नवरी दोघेही आडवे वाढलेले दिसतात. आमच्या भाचीने ते पाहून टीव्हीच बंद केला होता.

परदेशातून कोणी डिस्क पाठवत असेल तर प्रदेशाचा आकडा पाहा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या प्रदेशात येतो आणि अमेरिका पहिल्या. ब्लू-रेसाठी आपण ‘सी’मध्ये, अमेरिका ‘ए’मध्ये. फोर-के डिस्कला असा आकडा नसतो. पुतण्याने तिकडून प्लेअरच आणला तर आधी मागची पट्टी वाचा. तिथे ११० व्होल्टच लिहिले असेल तर आपल्या २३० वर तो एका क्षणात जाईल.

आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या धुराड्याची काजळी गच्चीवर, पापडांवर आणि यंत्रातही बसते. प्लेअरवर रुमाल टाकायचा तो बंद असताना. चालू असताना नव्हे. आणि तो ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. खालची उष्णता वर जाते आणि डोळा लवकर मंदावतो. आम्ही किरणाच्या भिंगाला डोळाच म्हणतो.

मग दाजींनी काय केले? दुकानदाराने शब्दाला जागून प्लेअर परत घेतला, पण खोके फोडल्याचे पाचशे कापले. नवा, ऑप्टिकलवाला आणि व्हीसीडी चालवणारा प्लेअर काही मिळेना. हा बाजारच आटत चालला आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर करणे थांबवले आणि सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणार नसल्याचे सांगितले. तेव्हा आम्ही दुरुस्तीवाल्याकडचा वापरलेला डीव्हीडी प्लेअर पाहिला. बाराशे रुपये, एचडीएमआय आणि ऑप्टिकल दोन्ही. वापरलेला घेताना डिस्कचा शेवट लावून पाहावा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि डोळा थकला असेल तर बहुतेकदा तो बाहेरच्या कडेला, म्हणजे सिनेमाच्या शेवटी अडखळतो. सुरुवात पाहून पैसे दिले की खलनायक मरायच्या आधीच चित्र गोठते. आम्ही तिसऱ्या व्हीसीडीतली पाठवणी पूर्ण पाहिली, दुकानात उभे राहून. दुरुस्तीवाल्याने खुर्ची दिली.

पण यंत्र मिळाले म्हणून मी थांबलो नाही. भरलेल्या सीडीचा रंग उन्हाने, उष्णतेने उडतो. शिवाय सीडीची चकाकणारी बाजू आपण जपतो, आणि माहिती असते वरच्या, नाव लिहायच्या बाजूच्या लगेच खाली, नुसत्या लाखेच्या थराखाली. तिथे कोणीतरी बॉलपेनने ‘हळद’ असे ठसठशीत लिहिले होते. संगणकाला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला, डिस्क उघडली, ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधली ‘डॅट’ फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. नेमकी ‘हळद’ शब्दाखालची जागा येता येता संगणक दोनदा अडला, तिसऱ्यांदा गेला. एक प्रत बहिणीकडे, एक बारामतीला माझ्याकडे, एक भाचीकडे पुण्याला.

संध्याकाळी दुसरी व्हीसीडी नव्या खोलीत लावली. तिच्यात आवाज दोनच वाटांचा असतो. ॲम्प्लिफायरवर ‘प्रो लॉजिक’ निवडले की डाव्या-उजव्या बाजूंत जे सारखे आहे ते मधल्या स्पीकरकडे जाते. शूटिंगवाल्याचा माइक एकच होता, त्यामुळे आईचा आवाज पडद्याच्या बरोबर खालून आला. बहीण काही बोलली नाही. दुसरी ओवी सुरू झाली तेव्हा दाजी म्हणाले, ‘पाव्हणं, मधला दोन घरं वाढवा.’ मी वाढवला.