आधी ताळा, मग डाउनलोड



बचत गटाच्या बैठकीत आपण सगळ्यात आधी काय करतो? नोंदवहीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक पडताळून पाहतो. फरक निघाला तर कोणी लगेच खाडाखोड करत नाही. आधी विचारतो, "अगं, हे दोनशे रुपये कुठले?" आज मी हेच सांगणार आहे. फक्त वहीच्या जागी कारखान्यातलं मशीन आहे.

मी मशीनच्या कंट्रोल पॅनेलची कामं करते. दूध पिशवीत भरणारं मशीन असो की औषधाच्या गोळ्या मोजणारं, त्याच्या पॅनेलमध्ये एक छोटा डबा असतो. त्याला पीएलसी म्हणतात. पूर्वी हेच काम भिंतभर लावलेले रिले करायचे. मशीनचं काम बदललं की वायरी सोडून पुन्हा जोडाव्या लागत. अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांना हे फार जड जायला लागलं, आणि 1969 च्या सुमारास तिथे पहिले पीएलसी आले. तेव्हापासून वायरीऐवजी प्रोग्राम बदलला की भागतं.

हा प्रोग्राम दोन ठिकाणी असतो. एक प्रत मशीनमध्ये, दुसरी आमच्या लॅपटॉपवर. गोंधळ इथेच होतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दूध प्रकल्पात पिशवीचा प्लास्टिक रोल संपत आला की घंटा वाजावी, एवढंच काम होतं. माझ्याकडे आदल्या वर्षीची प्रत होती. तिच्यात चार ओळी वाढवल्या आणि प्रोग्राम मशीनमध्ये पाठवला. पडद्यावर सूचना आली होती की मशीनमधला प्रोग्राम वेगळा आहे, त्यावर लिहायचं का? घाईत होते. 'हो' दाबलं. घंटा वाजली. मी खूश!

मशीनवरच्या मावशींची रोजची एक सवय होती. काम सुरू करण्याआधी हात लांब ठेवून त्या मशीनचं दार एकदा उघडून बघायच्या. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, दार उघडलं तरी जॉ थांबत नाही." जॉ म्हणजे पिशवीचं तोंड दाबून, तापवून चिकटवणारा भाग. माझ्या पोटात गोळा आला. आम्ही लगेच मशीन बंद केलं.

झालं होतं असं. मधल्या काळात एका बाईचं बोट तिथे चिमटलं होतं. म्हणून तिथल्या इलेक्ट्रिशियन दादांनी दाराला स्विच बसवला आणि दार उघडताच जॉ थांबेल, असा बदल थेट मशीनमधल्या प्रोग्राममध्ये केला. माझ्या प्रतीत तो नव्हता. मी तो पुसून टाकला. दादा रात्रपाळी करून घरी झोपले होते. त्यांना उठवून बोलावलं. त्यांच्याकडे प्रत होती म्हणून निभावलं. माणसाचे हात नुसत्या प्रोग्रामच्या भरवशावर सोडूच नयेत. त्यासाठी वेगळा सेफ्टी रिले आणि वेगळं वायरिंग लागतं. पुढे तिथेही तसं केलं.

त्या दिवसापासून माझा एक क्रम ठरला आहे. आयटीआय-डिप्लोमा करणाऱ्या मुलींनी तो लिहून घ्यावा.

पहिलं, शब्द नीट समजून घ्या. मोबाइलवर डाउनलोड म्हणजे आपल्याकडे येतं. इथे उलट आहे. डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधून मशीनमध्ये, अपलोड म्हणजे मशीनमधून लॅपटॉपवर. नवीन मुलं इथे हमखास चुकतात. मित्सुबिशीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पीएलसीत लिहा' आणि 'पीएलसीतून वाचा' असे सरळ शब्द आहेत, ते मला बरे वाटतात.

दुसरं, कशालाही हात लावण्याआधी मशीनमधला प्रोग्राम अपलोड करा आणि तारीख घालून वेगळा जपून ठेवा. आपल्या जुन्या प्रतीवर मात्र तो चढवू नका. सीमेन्सच्या एस-7-300 सारख्या जुन्या पीएलसींमध्ये आपण दिलेली नावं आणि टिपा मशीनमध्ये साठतच नाहीत. परत येतात ते नुसते नंबर. 'दार उघडं' असं लिहिलेलं असतं, तिथे 'आय 2.3' एवढंच दिसतं.

तिसरं, दोन्ही प्रती ताडून पाहा. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्येच सोय असते. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये सारख्या भागासमोर हिरवा गोल दिसतो, वेगळ्या भागासमोर अर्धा निळा, अर्धा नारिंगी. त्या भागात जाऊन फरकाची ओळ न् ओळ वाचा. टायमरचे आणि मोजणीचे आकडेही बघा. ऑपरेटरने चालू कामात बसवलेले आकडे डाउनलोड करताना कधी कधी मूळ आकड्यांवर परत जातात.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. फरक कुठे आहे ते सॉफ्टवेअर दाखवतं. तो कशासाठी केला, हे त्याला माहीत नसतं. ते मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला माहीत असतं. तिथे जाऊन विचारा. उत्तर मिळेपर्यंत डाउनलोड करू नका. आणि करताना मशीन थांबलेलं हवं, जवळ कोणाचा हात नको.

पाचवं, काम झाल्यावर पुन्हा ताळा घ्या, दार आणि स्विच स्वतः तपासा, आणि काय बदललं ते पॅनेलमधल्या वहीत तारखेसह लिहा.

आता मशीनवर काम करणाऱ्या माझ्या बहिणींसाठी एक गोष्ट. लॅपटॉप घेऊन कोणी आलं की आपण बाजूला सरकतो. वाटतं, शिकलेलं माणूस आहे, आपण काय बोलायचं. तसं करू नका. विचारा, "आधीच्या प्रोग्रामची प्रत घेतली का?" त्यांचं काम संपलं की मशीन पूर्वीसारखं थांबतंय ना, ते त्यांच्यासमोरच बघा. नसेल तर तिथल्या तिथे सांगा.

त्या मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. माझी चूक त्यांनी पकडली म्हणून त्या दिवशी कोणाचं बोट गेलं नाही.