मोबाईलमधील नांवनिशी

पूर्वीं बहुतेक सुशिक्षित घरांत पत्त्यांची एक वही असे. आप्तेष्टांचीं नांवें, त्यांच्या गांवांचे पत्ते, डॉक्टर, वकील, दूधवाला या सर्वांची नोंद तींत होई. घरीं आलेल्या पाहुण्यानें न विचारतां ती वही चाळली, तर तो असभ्यपणा समजला जाई. आणि त्यानें ती नकलून नेली, तर त्याला दुसरेंच नांव मिळे. ती वही आतां मोबाईलमध्यें गेली आहे, आणि फोनांत उतरणारें प्रत्येक अ‍ॅप हा एक पाहुणाच आहे. या पाहुण्यानें वहीस हात केव्हां लावावा व किती पानें उलटावीं, हा प्रश्न अ‍ॅप रचणाऱ्या प्रोग्रॅमरपुढें रोज असतो.

प्रथम वहीची रचना पाहिली पाहिजे. अँड्रॉइड फोनांत २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती तीन थरांत ठेविलेली असते. तळाच्या थरांत एकेका बाबीची एकेक ओळ: दूरध्वनीचा क्रमांक ही एक ओळ, ईमेलचा पत्ता ही दुसरी, वाढदिवस ही तिसरी. मधल्या थरांत एकाच खात्यावरून आलेल्या एका मनुष्याच्या सर्व ओळींचें जुडगें बांधलेलें असतें. वरच्या थरांत, निरनिराळ्या खात्यांतील जुडगीं एकाच मनुष्याचीं आहेत असें ताडून फोनानें तयार केलेली सबंध व्यक्ति असते. समजा, गोविंदराव नांवाच्या गृहस्थांचा घरचा क्रमांक गूगलच्या खात्यांत आहे आणि कामाचा पत्ता कचेरीच्या खात्यांत आहे. पडद्यावर गोविंदराव एकच दिसतात; खालीं मात्र ते दोन ठिकाणीं नांदत असतात. नवशिक्या प्रोग्रॅमरची फसगत होते ती येथेंच. तो वरच्या थरांतील एक नांव पुसतो आणि त्याखालचीं दोन्ही जुडगीं नाहींशीं होतात. इतकेंच नव्हे, तर पुढच्या जुळवणीच्या वेळीं दूरच्या सर्व्हरवरील मूळ नोंदहि जाते. गोविंदरावांचा कोणी पुतण्या कचेरींतून विचारूं लागला, कीं पत्ता कोणी काढून टाकला, तर उत्तर देणें कठीण!

आतां परवानगीकडे वळावें. आयफोनवर २०१२ पर्यंत ही वही वाचण्यास अ‍ॅपला मालकाची अनुज्ञा लागतच नसे. त्या वर्षाच्या फेब्रुवारींत सिंगापूर येथील एका प्रोग्रॅमरनें ‘पाथ’ नांवाच्या अमेरिकन अ‍ॅपची सर्व्हरशीं होणारी देवघेव तपासली, तों मालकाची सबंध वही, नांवें, ईमेल व क्रमांक यांसह, कंपनीकडे रवाना होत असल्याचें त्याला आढळलें. गवगवा झाला, कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमा मागितली व गोळा केलेल्या वह्या नष्ट केल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आयफोनची सहावी प्रणाली निघाली, आणि तेव्हांपासून वही उघडण्यापूर्वीं फोनच मालकास विचारूं लागला. पुढें २०१३ च्या आरंभीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें या कंपनीशीं समझोता केला. त्यांतील आठ लक्ष डॉलरांचा दंड लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीवांचून घेतल्याबद्दल होता. वहीच्या प्रकरणाचाहि आरोपांत समावेश होता, आणि वीस वर्षें एक वर्षाआड त्रयस्थाकडून तपासणी करून घेण्याची अट कंपनीवर पडली.

अँड्रॉइडची रीत निराळी होती. तेथें परवानग्यांची यादी अ‍ॅप उतरवून घेतांनाच दाखवीत; सर्व मान्य करा, नाहीं तर अ‍ॅप सोडा. अशी यादी वाचणारे लोक फार थोडे. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून अ‍ॅप चालूं असतांना, कामाच्या वेळीं, स्वतंत्रपणें विचारण्याची पद्धति आली, आणि नकार देऊनहि अ‍ॅप ठेवतां येऊं लागलें.

परंतु ही परवानगी सबंध वहीची असते, एका पानाची नसते. पुष्कळदां अ‍ॅपला हवा असतो एकच क्रमांक: पैसे कोणाला पाठवावयाचे, निमंत्रण कोणाला द्यावयाचें, एवढेंच. त्यासाठीं दोन्ही जातींच्या फोनांत सोय आहे. अ‍ॅप फोनाला सांगतें, “मालकाकडून एक मनुष्य निवडून घे.” फोन स्वतःच वही उघडतो, मालक एका नांवावर बोट ठेवतो, आणि तेवढीच नोंद अ‍ॅपच्या हातीं पडते. याला वहीची परवानगी लागत नाहीं, कारण वही अ‍ॅपनें पाहिलेलीच नसते. इतका सरळ मार्ग असतां सबंध वही मागणाऱ्या अ‍ॅप्सविषयीं शंका घेणें गैर नव्हे.

खात्यांच्या बाबतींतहि असाच बदल झाला. फोनावर कोणकोणतीं खातीं आहेत हें एके काळीं अ‍ॅपला साध्या परवानगीनें कळे. आणि खात्याचें नांव म्हणजे बहुधा मालकाचा ईमेलच. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ती परवानगी पुरेशी राहिली नाहीं. मालकानें यादींतून खातें निवडून द्यावें, म्हणजे तेवढेंच अ‍ॅपला दिसतें. शिवाय दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड अ‍ॅपनें मागूं नये. त्याऐवजीं टोकन, म्हणजे मर्यादित कामापुरता बिल्ला, मिळतो, व तो रद्दहि करतां येतो.

सबंध वहीची खरी गरज कोणाला नसते असें मात्र नाहीं. आपल्या ओळखीचे कोण या अ‍ॅपवर आहेत हें निरोप पाठविणाऱ्या अ‍ॅपला दाखवावयाचें असतें. येथें कित्येक प्रोग्रॅमर समाधान मानतात, कीं क्रमांक जसेच्या तसे न पाठवितां ‘हॅश’ करून, म्हणजे गणितानें त्यांचें रूप पालटून, पाठविले कीं झालें. हें समाधान फसवें आहे. भारतांतील मोबाईल क्रमांक दहा आंकडी असून त्यांचा पहिला आंकडा सहा ते नऊ यांपैकीं असतो. म्हणजे संभवनीय क्रमांक सारे मिळून ४०० कोटी. तितक्यांचे हॅश काढून ताळा पाहणें संगणकाला थोड्या वेळाचें काम आहे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाहीं, हें भारतांत कर्ज देणाऱ्या कांहीं अ‍ॅप्सनीं दाखवून दिलें. जुना सावकार कितीहि कठोर असला, तरी जामीन राहणाऱ्याची सही घेई. या अ‍ॅप्सनीं कर्जदाराच्या वहींतील प्रत्येकाला, न विचारतां, जामीन करून टाकलें. हप्ता चुकला कीं बहिणीला, साहेबाला, शाळेच्या मित्राला फोन जात. शिव्या व धमक्या दिल्या जात. ज्यांनीं कर्ज घेतलें नव्हतें, ज्यांनीं अ‍ॅप पाहिलेंहि नव्हतें, त्यांना हा जाच सोसावा लागला. अब्रूच्या भयानें कांहीं कर्जदारांनीं प्राण दिले. मुंबईच्या रिझर्व्ह बँकेनें २ सप्टेंबर २०२२ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक नियमांत, कर्जाच्या अ‍ॅप्सनीं फोनांतील फाइली, संपर्कयादी व कॉलच्या नोंदी यांना हात लावूं नये असें बजावलें. कॅमेरा व स्थान यांसारख्या गोष्टी ओळख पटविण्यापुरत्या, एकदांच, स्पष्ट संमतीनें वापरण्यास मुभा ठेविली. गूगलनेंहि ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना संपर्कयादी वाचण्याची बंदी केली.

त्याच वर्षीं संसदेनें संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत संमतीचें उदाहरण म्हणून नेमकी हीच वही घेतली आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. एक व्यक्ति दूरवैद्यकाचें अ‍ॅप उतरवून घेते. तें अ‍ॅप वैद्यकीय सेवेसाठीं तिची माहिती मागतें आणि तिची संपर्कयादीहि मागतें; ती दोहोंस होकार देते. कायदा म्हणतो, यादी या सेवेस आवश्यक नाहीं, म्हणून तिची संमति सेवेपुरत्या माहितीलाच लागू समजावी. होकार दिला म्हणून सर्व माफ, ही प्रोग्रॅमरची नेहमींची सबब येथें टिकत नाहीं.

२०२४ सालच्या अठराव्या आयफोन-प्रणालींत मालकास वहींतील निवडक नांवेंच अ‍ॅपला दाखवितां येतात. अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कांहीं महिने न वापरलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपण होऊन काढून घेतो. सेटिंग्जमध्यें जाऊन मालकालाहि त्या केव्हांहि काढतां येतात. परवानगी काढल्यावर अ‍ॅपला वही पुन्हां वाचतां येत नाहीं. परंतु पूर्वीं सर्व्हरवर गेलेली नक्कल तेवढ्यानें पुसली जात नाहीं. ती कंपनीकडे वेगळी मागणी करून पुसून घ्यावी लागते.