समुद्रातील जिवाणूंची भागीदारी



समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कारध्यात समुद्रावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपल्या पुलाखालूनच वाहते आहे. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपल्या धानाच्या बांधीतून धुऊन गेलेल्या युरियाचा काही अंश याच वाटेला लागतो.

सगळाच नत्र काही समुद्राला पोचत नाही. बराचसा बांधीतच नाहीसा होतो. चिखलावर पाणी उभे राहिले, की वरचा एक पातळ थर सोडला तर खाली प्राणवायू उरत नाही. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते खाली झिरपले, की तेथले दुसरे जिवाणू प्राणवायूच्या जागी नायट्रेटवर श्वास घेतात आणि शेवटी त्यातील नत्र वायुरूपाने उडून जातो. युरियाची गोळी चिखलात खोल पुरल्यास नुकसान कमी होते ते यामुळेच; खाली प्राणवायू नाही, म्हणून अमोनियाचे नायट्रेटच होत नाही.

हाच व्यवहार अरबी समुद्रात फार मोठ्या प्रमाणावर चालतो. वरच्या पाण्यातील सूक्ष्म वनस्पती मरून खाली जातात, त्या कुजताना प्राणवायू खर्च होतो, आणि उत्तरेकडे जमीन असल्याने ताजे पाणी फारसे येत नाही. त्यामुळे सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायूचा मोठा दुष्काळ असतो. नायट्रेटपासून नत्रवायूपर्यंत चार पायऱ्या आहेत. पुष्कळ जिवाणू त्यांतली एखाददुसरीच चढतात आणि उरलेला माल पाण्यात सोडून देतात. तोच शेजाऱ्याचे अन्न होतो. येथे परोपकार कोणी करीत नाही. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे ताट, एवढेच.

या पंगतीतला एक पाहुणा फार उशिरा ओळखू आला. प्राणवायूवाचून अमोनिया आणि नायट्राइट यांचा संयोग करून जगणारे जिवाणू असले पाहिजेत, असे व्हिएन्नाचे एंगेलबर्ट ब्रोडा यांनी १९७७ साली केवळ गणिताने मांडले. १९९० नंतरच्या दशकात हॉलंडमधील डेल्फ्ट येथे सांडपाण्यात ते सापडले, आणि २००३ साली समुद्रातही दिसले. त्यांना लागणारा अमोनिया कुजविणारे जिवाणू पुरवितात. नायट्राइटही शेजाऱ्यांकडूनच येते.

आता आपला उपसागर पाहू. तेथेही प्राणवायू अत्यल्प आहे, पण नत्रवायू फारसा होत नाही. याचा उलगडा करणारा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकही होते. त्यांना तेथे प्राणवायूचा अगदी लेश आढळला. तेवढ्या लेशावर काही जिवाणू नायट्राइट पुन्हा नायट्रेटमध्ये बदलतात, आणि नत्र उडविणाऱ्यांच्या तोंडचा घास जातो. म्हणजे सारी व्यवस्था एका धाग्यावर उभी आहे. समुद्र तापला, किंवा नद्यांतून खताचा नत्र अधिक गेला, तर तो लेशही संपू शकतो. मग जगाच्या सागरांतील नत्राचा जमाखर्चच बदलेल.

पश्चिम किनाऱ्याने इशारा आधीच दिला आहे. तेथील उथळ पाण्यात दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्राणवायू संपतो. डॉ. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले, की त्या वेळी तेथे नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर साठतो. शेवटची पायरी चढायची राहिली, की हा वायू निसटतो. आणि पृथ्वी तापविण्यात तो वजनास वजन घेता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे.

समुद्राच्या तळाशी आपला हात पोचत नाही. बांधीत मात्र पोचतो. माती तपासून, पिकाला लागेल तेवढाच आणि खोल दिलेला युरिया धानाला लाभतो, पैसा वाचवितो आणि वैनगंगेचे ओझेही हलके करतो. दूरच्या उपसागराचा जमाखर्च आपल्या धुऱ्यावरून सुरू होतो, एवढे ध्यानात ठेवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.