वाक्य पुरं होण्याआधी



आत्ता तुमच्यापैकी कितीतरी जणांना मी बक्षिसं दिली. सगळ्यांचं मनापासून अभिनंदन! मला बोलायचं आहे ते मात्र दोन भावांबद्दल. त्यातल्या एकाला काहीच मिळायला नको होतं. दुसऱ्याला सगळं मिळायला हवं होतं.

मी वसईतल्या ख्रिस्ती बागाईतदाराच्या घरात वाढलो. देव दयाळू आहे, प्रेमळ आहे, क्षमाशील आहे, हे दर रविवारी मिस्सेत कानावर पडायचं. इतकं पडायचं की ते शब्द गुळगुळीत झाले होते. त्यांना धार आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लूकच्या शुभवर्तमानात, पंधराव्या अध्यायात ती आहे, आणि चार शुभवर्तमानांपैकी फक्त तिथेच आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. परदेशात जाऊन सगळं उडवतो. दुष्काळ पडतो, तेव्हा डुकरं राखायची पाळी येते. यहुदी माणसाला याहून खालची पायरी नाही. मग तो घरी निघतो आणि बापाला काय म्हणायचं ते मनाशी घोकून ठेवतो : मी चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला गडी म्हणून ठेव.

आता नीट बघा. बाप त्याला लांबूनच ओळखतो आणि धावत सुटतो. त्या काळी घरातला कर्ता, वयस्क पुरुष असा धावत नसे, त्याच्याकडे लोक चालत येत. मुलगा बोलायला लागतो, पण ‘गडी म्हणून ठेव’ हा शेवटचा भाग त्याच्या तोंडून बाहेरच पडत नाही. त्याआधीच बापाने झगा, अंगठी, पायतण आणायला सांगितलेलं असतं. ख्रिस्ती श्रद्धेतली दया म्हणजे हे अर्धं राहिलेलं वाक्य, असं मी मानतो. मुलाला पश्चात्ताप व्हावा लागतो, त्याला घराकडे वळावंही लागतं. पण मिठी त्याचा कबुलीजबाब पुरा व्हायची वाट बघत नाही.

थोरला भाऊ शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागाने बाहेरच थांबतो. त्याचीही समजूत घालायला बाप बाहेर येतो. पुढे थोरला आत गेला का? येशूने ते सांगितलेलंच नाही. जकातदारांच्या, पापी ठरवलेल्या माणसांच्या पंगतीला बसतो म्हणून ज्यांनी येशूला नावं ठेवली, त्या सज्जनांसाठी ही गोष्ट होती. ती थोरल्यांसाठी आहे.

आणि मी घरातला थोरला. माझ्या धाकट्या भावाने वाडीतला आपला हिस्सा मला न विचारता विकला. विहीर त्याच हिश्शात होती. पैसे घेऊन तो आखातात गेला आणि काही वर्षांनी रिकाम्या हाताने परतला. त्या संध्याकाळी आईने त्याला एक प्रश्न विचारला नाही. बोंबलाचं कालवण गरम केलं, तव्यावर तांदळाची भाकरी टाकली आणि म्हणाली, “हात धू, जेवायला बस.” भाकरी भाजल्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. मी ओट्यावरच बसून राहिलो. त्या रात्री मी जेवलो नाही आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्याशी बोललो नाही. विहिरीच्या जागी इमारत उभी राहिली, तरी नाही.

मग २०१७ च्या नोव्हेंबरात एक बातमी वाचली. केरळातून आलेली सिस्टर रानी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरला आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत होती. त्यांनी सावकारीच्या विळख्यातून सुटावं, म्हणून ती झटत होती. सावकारांना ते खुपत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये एका तरुणाने तिच्यावर चाकूचे पन्नासच्या आसपास वार केले. त्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये तिची सख्खी धाकटी बहीण, तीही धर्मभगिनी, तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाच्या मनगटावर राखी बांधली. पुढे या दोघी बहिणींची म्हातारी आई केरळातून त्याला भेटायला आली. ज्या हातांनी लेकीला मारलं, त्या हातांचं तिने चुंबन घेतलं. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने स्वतः अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये चर्चने रानी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा तो त्या सोहळ्याला हजर होता.

क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. त्या माणसाने अकरा वर्षं तुरुंगात काढली. खुनाला त्या घराने खूनच म्हटलं. फक्त खुनी एवढीच त्याची ओळख उरू दिली नाही. आणि मी? एका विहिरीपायी सख्ख्या भावाचं तोंड बघत नव्हतो.

मी त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. त्याने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “दादा, बस. चहा ठेवतो.” मी जुळवलेलं वाक्य आजवर बोललेलो नाही. आई मात्र तोवर राहिली नव्हती.

मुलांनो, या मांडवात असा कुणीतरी असेल, ज्याच्याशी तुम्ही कधीपासून बोलत नाही. भांडण काय होतं, चूक कुणाची होती, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आता दिवे मंद होतील आणि नाटक सुरू होईल. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, तर तिथे जाऊन बसा.