लोखंडाचे पाणी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एके काळी भाता होता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी सातारा रोड येथे उभारला. लोखंडी नांगर गावोगाव गेले. तरी कोयत्याला, कुऱ्हाडीला पाणी देण्यासाठी शेतकरी आपल्याच दारी येत राहिला. हे ‘पाणी देणे’ म्हणजे काय, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

हत्याराच्या पोलादात शेकडा अर्धा ते एक भाग कर्ब असतो. सुमारे ७५० ते ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापून ते लाल झाले, म्हणजे त्याची आतील रचना पालटते व कर्ब तीत विरघळतो. सावकाश निवू दिल्यास कर्ब वेगळा होऊन पोलाद मऊ राहते. एकदम पाण्यात बुडविल्यास कर्बाला बाहेर पडावयास अवधीच मिळत नाही. तो अडकून बसतो, आणि पाते अतिशय कठीण, परंतु काचेसारखे ठिसूळ होते. साध्या लोखंडात कर्ब फार थोडा, म्हणून त्याला पाणी चढत नाही. जाणता कारागीर मोटारीच्या कमानीचा जुना पाटा शोधतो, तो याचसाठी.

ठिसूळपणा घालविण्यास पाते घासून, उजळून पुन्हा मंद तापवावे लागते. सुमारे २२० अंशांना त्यावर फिकट पिवळा रंग चढतो. मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या सुमारास निळा. पिवळ्यावर थांबविल्यास कठीणपणा अधिक राहतो, निळ्यावर थांबविल्यास चिवटपणा.

माझे वडील तापाची लाली भट्टीच्या अंधारात पाहत आणि हे रंग दाराच्या उजेडात. शाळेत मी मुलांना उष्णतामापक शिकविला. परंतु छिन्नी कोणत्या रंगावर थांबवावी, हे वडिलांना एकदाही विचारले नाही. मास्तर झाल्यावर त्या काजळीची मला लाज वाटे. ते गेले, आणि त्यांचे माप त्यांच्याबरोबर गेले. आज कारखान्यांतील भट्ट्यांत तेच काम आकड्यांवर चालते, आणि आपलीच मुले ते आकडे नोंदवितात.

ज्यांच्या घरी असा वृद्ध कारागीर अद्याप आहे, त्यांनी एक वही घेऊन त्याच्याजवळ बसावे. कोणते अवजार, कोणता रंग, पाणी की तेल, हे त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावे. एवढी विनंती करून आपली रजा घेतो.